चार्जमध्ये आलेले कासव

सरकारी नोकरास बदलीच्या गावी दोन चार्ज घ्यावे लागतात. एक कचेरीचा. तो लेखी असतो, त्याच्या तीन प्रती निघतात, आणि हरवलेल्या फायलीसुद्धा त्यात 'शोध चालू' अशा शेऱ्यासह हजर असतात. दुसरा चार्ज घराचा. तो तोंडी असतो आणि खरी फसगत त्यातच होते. हे आम्ही तेरा वर्षांच्या नोकरीच्या अनुभवावरून लिहीत आहो. वाचकांपैकी ज्यांचे बिऱ्हाड आजवर तीन-चार प्रांतांतून फिरले असेल त्यांना यावर अधिक सांगण्याची गरज नाही.

दोन वर्षांमागे नागपूरहून काशीस आमची बदली झाली ती ऐन पावसाळ्यात. सरकारी निवासस्थान रिकामे नव्हते, म्हणून ज्यांच्या जागी आम्ही आलो त्या बंगाली गृहस्थांनी आपले भाड्याचे बिऱ्हाडच आमच्या हवाली केले. दशाश्वमेध घाटाच्या पाठीमागून बंगाली टोल्याकडे ज्या गल्ल्या जातात त्यांपैकी एकीत, दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या. गल्ली इतकी अरुंद की समोरून वळू आला तर सभ्य माणसाने कोणाच्या तरी उंबऱ्यावर चढावे, हा इथला शिष्टाचार. त्या गृहस्थांना गुवाहाटीची गाडी गाठायची होती. एक कूलर, एक पाण्याची टाकी, एक लोखंडी कपाट असे हात दाखवीत दाखवीत ते कोपऱ्यातील काचेच्या पेटीपाशी आले, क्षणभर घुटमळले, आणि "यह भी रहेगा" एवढेच म्हणून निघून गेले.

पेटीत वीतभर पाणी होते, एक प्लॅस्टिकचे नारळाचे झाड होते, आणि त्या झाडाखाली तळहाताएवढे एक हिरवट कासव आमच्याकडे पाहत होते. त्याच्या डोळ्यांमागे दोन्ही बाजूंना तांबडा पट्टा होता, जणू कोणी कुंकवाचे बोट ओढले असावे. आम्ही बोट पुढे केले तसे त्याने मान आत घेतली. जबाबदारीचा कागद जवळ आला की अशीच मान आत घेणारे एक वरिष्ठ नागपुरास आमच्या वाट्याला आले होते. त्यांच्या स्मरणार्थ आम्ही कासवाचे नाव 'पंत' ठेवले. आमच्या आठ वर्षांच्या कन्येला यातला इतिहास ठाऊक नाही. तिला ते नाव आदरार्थी वाटते, आणि ती पंतांना 'अहो-जाहो'च करते.

सौभाग्यवतींचे मत निराळे होते. शंकराच्या देवळात सभामंडपातील दगडी कासवाला हात लावून नमस्कार करणे वेगळे आणि स्वयंपाकघरापासून चार हातांवर जिवंत कासवाचा वास घेणे वेगळे, हे त्यांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट केले. पुढे त्या असेही म्हणाल्या की, कासव हे यमुनेचे वाहन, गंगेचे वाहन मकर. तेव्हा शास्त्राने पाहता पंतांची बदली मथुरेस व्हावयास हवी. या युक्तिवादाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. आम्ही आपले कूर्मदृष्टीचे स्मरण देऊन पाहिले. कासवी पिलांना नुसत्या नजरेने वाढवते, असे आपल्या संतांनी किती गोडपणे सांगितले आहे! वस्तुस्थिती अशी की कासवी किनाऱ्यावर खड्डा करून अंडी घालते, वर माती लोटते आणि पाण्यात निघून जाते. पिलांची व तिची दृष्टादृष्टही होत नाही. पण संतांची चूक काढणे आमच्या वेतनश्रेणीत बसत नाही.

पहिले वर्ष बरे गेले. पंत सकाळी कन्येच्या हातून गोळ्या खात, दुपारी झाडाखाली बसत, आणि रात्री कधी कधी काचेवर नखे घासून आम्हांस जागे करीत. बिघडले ते दुसऱ्या हिवाळ्यात.

काशीचा हिवाळा ज्यांनी पाहिला नाही त्यांना तो सांगून पटणार नाही. महाराष्ट्रात थंडी म्हणजे शाल, हुरडा आणि कोवळे ऊन. इथे डिसेंबरच्या अखेरीस गंगेवरून धुके चढते आणि सूर्य आठ-आठ दिवस रजेवर जातो. आमच्या गल्लीत तर एरवीही त्याची हजेरी दुपारी बारा ते साडेबारा एवढीच. पेटीतले पाणी बोट घालवू नये इतके गार झाले. पंतांनी खाणे सोडले. ते पाण्याबाहेरही येत ना; तळाशी दगडासारखे पडून राहत. नाताळच्या सुमारास कन्येने दाखविले की त्यांच्या मानेवर आणि पुढच्या पायाच्या खोबणीत पांढरे काहीतरी धरले आहे, भिजल्या कापसाच्या पेळूसारखे. आम्हांस वाटले, कात टाकीत असतील. कासवही कात टाकते, पण सापासारखी अखंड नव्हे. तिचे पातळ पापुद्रे सुटतात. आठवड्याने पाहिले तो पापुद्र्याखालची कातडी लालसर झाली होती आणि पाठीच्या ढालीच्या कडेस करडा, मऊ डाग पडला होता. नख लावले तर नखाला लागत होता.

आता येथे एक खासगी गोष्ट सांगणे भाग आहे. त्या पावसाळ्यापासून आम्हांस स्वतःला कमरेच्या पट्ट्याखाली नायटा झाला होता. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने एक मलम दिले होते. ते लावले की खाज दोन दिवसांत थांबे, आठवड्याने दुप्पट होऊन येई, आणि आम्ही नवी नळी आणीत असू. अशा चार नळ्या झाल्या होत्या. औषधवाला आमच्याकडे चिठ्ठी मागत नव्हता आणि आम्ही त्याच्याकडे पावती मागत नव्हतो. व्यवहार परस्पर विश्वासाचा होता. पंतांच्या अंगावर डाग दिसताच आमच्या मनात पहिला विचार आला तो त्या नळीचा. बुरशी ती बुरशी. माणसाची काय आणि कासवाची काय! आम्ही कापसाने ते मलम पंतांच्या मानेस व पायांस चोळले. तीन दिवसांत लाली गेली. आम्ही घरात वैद्यासारखे वावरू लागलो. सहाव्या दिवशी डाग रुपयाच्या नाण्याएवढा झाला आणि दुसऱ्या पायावर गेला.

आणि त्याच सुमारास सौभाग्यवतींना कन्येच्या मनगटावर एक गोल चकंदळ दिसले. कडेने उठलेले, मध्ये निवळलेले. नायटाच.

घरात त्या रात्री जे झाले त्याला भांडण म्हणता येणार नाही. भांडणाला दोन बाजू लागतात. कासवाच्या अंगावर बुरशी, कासवाला हाताळणाऱ्या बापाच्या कमरेवर बुरशी, कासवाला गोळ्या भरविणाऱ्या मुलीच्या मनगटावर बुरशी. याहून स्वच्छ पुरावा कोणत्या कोर्टाला हवा? सौभाग्यवती एवढेच म्हणाल्या, "अहो, मला एक मुलगी आहे. ते कासव घरात राहणार नाही." कन्या भिंतीकडे तोंड करून निजली होती, ती जागी होती हे आम्हां दोघांनाही ठाऊक होते.

घरमालक पंडितजींनी उपाय लगेच सांगितला. मकरसंक्रांत चार दिवसांवर आली होती. पर्वकाळी दशाश्वमेधावर जीव सोडावा, कासव तर विशेषच. रोग जातो, पुण्य लागते. "गंगामैया सब ठीक कर देंगी, बाबूजी." आम्ही त्यांच्या म्हणण्यास भक्तिभावाने मान डोलावली. तो भक्तिभाव किती आणि पीडा टळण्याचा आनंद किती, याचा हिशेब आम्ही तेव्हा केला नाही. कन्येने सकाळी फक्त एक विचारले, "बाबा, पाणी गार आहे ना? पंतांना थंडी वाजेल." नदीत सगळीच कासवे असतात, त्यांना सवय असते, असे काहीसे आम्ही बोललो.

संक्रांतीची गर्दी नको म्हणून आदल्या दिवशीच, पहाटे साडेपाचला, आम्ही पंतांना बादलीत घातले, वर आमचा पंचा झाकला आणि निघालो. पायऱ्या उतरताना एरवी आमच्या मनात जो विचार येतो तो त्या दिवशीही आला. या घाटाची बांधणी १७४८ साली बाळाजी बाजीराव पेशव्यांनी करविली आणि १७७४ साली अहिल्याबाईंनी ती पुन्हा नीट केली, असे इथला इतिहास सांगतो. परमुलखात नोकरी करणाऱ्या मराठी माणसाला अशा पायरीवर पाय ठेवताना छाती थोडी पुढे काढावीशी वाटते. त्या पहाटे मात्र आम्हांस एखाद्याने ओळखू नये असेच वाटत होते. धुके एवढे की पलीकडची रेती तर नाहीच, पण बांधलेल्या नावांची टोकेही दिसत नव्हती. स्नान करणारे दहा-पंधरा जण मोठ्याने नाम घेत होते. थंडीत नाम मोठ्यानेच घ्यावे लागते. शीतळेच्या देवळापाशी एक वृद्ध नाविक शेकोटी करून बसला होता. त्याने बादलीकडे पाहिले, आमच्याकडे पाहिले, आणि न विचारता पंचा उचलला.

"ई गंगाजी क ना हौ, बाबू," तो म्हणाला. "ई त दुकान क हौ."

मग त्याने पंतांना उचलून शेकोटीच्या उजेडात धरले, मानेवरचा डाग पाहिला आणि म्हणाला, "बेमार हौ का?" आम्ही हो म्हटले. त्याने त्यांना परत बादलीत ठेवले आणि पंचा नीट झाकला. पुढे तो काही बोलला नाही. त्याने आम्हांस अडविलेही नाही. नदी दहा पायऱ्यांवर होती. आम्ही तिथे पाच-सात मिनिटे उभे राहिलो असू. मग शेकायला बसलो, आणि तो नाविक कासवांबद्दल बोलू लागला.

त्याच्या बोलण्यातून आणि नंतर आम्ही स्वतः वाचून जे जमविले ते असे. १९८६ साली गंगेच्या शुद्धीकरणाची मोठी सरकारी योजना वाराणसीतच सुरू झाली. तिचा एक भाग म्हणजे कासवे. घाटांवरून अर्धवट जळलेली प्रेते पाण्यात जातात. गंगेतील मऊ पाठीची मोठी कासवे असे मांस खातात. तेव्हा त्यांची संख्या वाढवावी, अशी ती कल्पना. चंबळ व यमुनेच्या काठची अंडी आणून सारनाथच्या केंद्रात उबवीत, पिले वाढवीत आणि येथे नदीत सोडीत. १९८९ साली रामनगरच्या किल्ल्यापासून राजघाटच्या मालवीय पुलापर्यंतचा सुमारे सात किलोमीटरचा प्रवाह कासवांचे अभयारण्य म्हणून जाहीर झाला. म्हणजे आमचा दशाश्वमेध घाटही त्या अभयारण्याच्या मधोमध. एका थोर शहराच्या ऐन पोटात, लाखो माणसांच्या स्नानाच्या जागी, अभयारण्य! फाइलीवर ही कल्पना प्रथम कोणी मांडली असेल त्या अज्ञात कारकुनाला आम्ही मनोमन नमस्कार केला. २०२० साली या पट्ट्याचा अभयारण्याचा दर्जा काढून घेण्यात आला. कासवांनी त्यावर काही अभिप्राय दिल्याचे ऐकिवात नाही. नाविक म्हणाला, आपल्या लहानपणी पलीकडच्या रेतीवर कासवे उन्हात ओळीने पडलेली दिसत; आता दिसले तर पोरे धावत सांगायला येतात.

आम्ही बादली घेऊन परत आलो. पंचा उचलून पाहिले तर पंतांनी मान बाहेर काढली होती. सौभाग्यवतींनी बादलीकडे पाहिले आणि काही विचारले नाही, चहा ठेवला.

त्या दिवशी कचेरीत आम्ही काम कमी केले आणि वाचन अधिक केले, हे कबूल करतो. पंतांची जात अमेरिकेतील मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातली. पाळण्यासाठी ती जगभर विकली गेली आणि कंटाळलेल्या धन्यांनी ठिकठिकाणच्या नद्या-तळ्यांत सोडून दिली. परक्या मुलखात शिरून मूळच्या जीवांना मागे रेटणाऱ्या शंभर अत्यंत उपद्रवी प्राण्यांच्या व वनस्पतींच्या जागतिक यादीत तिचे नाव आहे. ती अन्नात वाटा मागते, उन्हात बसण्याच्या जागा अडविते आणि आपले रोग इतरांना देते. येथल्या गंगेची मूळची कासवे आधीच संकटात. 'बटागुर कछुगा' नावाचे एक मोठे कासव, ज्याच्या नराच्या डोक्यावर विणीच्या काळात तांबडे पट्टे उमटतात, एके काळी गंगेत होते. आता ते मुख्यतः चंबळेत उरले आहे. अशा नदीत आम्ही पुण्य म्हणून काय टाकणार होतो, तर एक आजारी परदेशी कासव.

वाचनाचा एक दुष्परिणाम मात्र झाला. गंगेच्या खोऱ्यात एक लहान देशी कासवही असते, पाठीवर कौलारू छपरासारखा उंचवटा असलेले, आणि त्याच्याही डोळ्यांमागे तांबूस खूण असते. देशी कासव घरात बाळगणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा. पंत देशी निघाले तर? केंद्र सरकारचा एक जबाबदार कारकून दोन वर्षे संरक्षित प्राणी काचेच्या पेटीत ठेवून त्याला गोळ्या चारीत होता, हे वाक्य चौकशीच्या अहवालात कसे दिसेल याची आम्ही जेवणाच्या सुटीत कल्पना केली आणि डबा परत नेला.

जनावरांच्या ज्या दवाखान्यात आम्ही प्रथम गेलो तेथे खिडकीवर एक छापील तक्ता होता. गाय, म्हैस, शेळी, कुत्रा, कुक्कुट. 'इतर' हा रकाना नव्हता. खिडकीतल्या बांधवाने पंतांना कोठे लिहावे याचा बराच वेळ विचार केला आणि ते अंडी घालणाऱ्या वर्गातले असल्यामुळे 'कुक्कुट' या सदराखाली त्यांची नोंद केली. आम्ही त्याच्यावर रागावलो नाही. रकाना नसला की काय होते हे आम्ही रोज अनुभवतो. आतल्या डॉक्टरांनी पंतांना पाहून हात जोडले आणि एका तरुण डॉक्टरांचा पत्ता दिला. ते लंका भागात, विश्वविद्यालयाच्या फाटकाजवळ बसतात. काशीहून लंकेस जाण्यास हल्ली ई-रिक्षा मिळते.

या तरुण डॉक्टरांनी पहिल्याच दृष्टीत आमची चौकशीतून मुक्तता केली. पाठ सपाट, ढालीच्या मागच्या कडेस दाते, पट्टा रुंद आणि गडद, हे परदेशीच. मग त्यांनी बोथट पात्याने डागाचा पापुद्रा खरवडून काचेवर घेतला, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला, थोडे थांबले आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. नंतर आम्हांसही पाहू दिले. काचेखाली कातडीचा चुरा विरघळून पारदर्शक झाला होता आणि त्यातून बारीक, फांद्या फुटलेले धागे इकडून तिकडे गेले होते. बाभळीच्या काटक्यांचे कुंपण दुरून दिसावे तसे.

ते म्हणाले, ही बुरशी पाण्यात, मातीत, सगळीकडे असते. धडधाकट कासवाला ती काही करीत नाही. पण या प्राण्यांचे रक्त आपल्यासारखे स्वतःहून गरम राहत नाही. बाहेर थंडी पडली की त्यांची पचनशक्ती मंदावते, तशी रोगाशी झुंजण्याची शक्तीही मंदावते. घाण पाणी, गारठा, अंग कोरडे करायला जागा नाही, ऊन नाही. मग बुरशी घर करते. ढालीच्या कडेचा मऊ डाग त्यातलाच. आम्ही भीत भीत विचारले, वाचेल का? त्यांनी सांगितले की, यांचे लवकर आणलेत. त्यांच्याकडे लखनौहून एकांनी ऑस्ट्रेलियातला दाढीवाला सरडा आणला होता. मोठ्या शहरांत हल्ली हौसेने तो पाळतात. गळ्याखाली काट्यांची झालर असते, ती फुगवली की दाढीसारखी दिसते. त्या सरड्यांना पिवळ्या बुरशीचा एक रोग होतो. नॅनिझिऑप्सिस हे त्या बुरशीचे नाव. प्रथम एखादे पिवळे, खरबरीत खवले दिसते, धनी ते कात समजून आठवडे घालवितो, आणि तोवर ती कातडीखाली मांसात, हाडापर्यंत शिरते. त्या सरड्याला वाचविता आले नाही, एवढे सांगून ते थांबले. 'कात समजून' हे शब्द ऐकताना आम्ही पंतांकडे पाहण्याचे टाळले.

मग आम्ही खिशातून नळी काढून दाखविली. डॉक्टरांनी तिच्यावरचे बारीक अक्षर वाचले आणि ती टेबलावर उलटी ठेवली. त्या एका नळीत तीन औषधे होती: बुरशीवरचे एक, जंतूंवरचे एक, आणि तिसरे जोरदार स्टिरॉइड. स्टिरॉइडने लाली व खाज दबते, म्हणून रोग्याला वाटते गुण आला. पण त्याच स्टिरॉइडने कातडीची झुंजण्याची शक्तीही दबते आणि बुरशीला मोकळे रान मिळते. अशी मलमे डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून विकू नयेत म्हणून २०१८ साली केंद्र सरकारने नियम कडक केले. ज्या सरकारचे आम्ही नोकर, त्याच सरकारचा नियम. आणि तो आम्हांस जनावरांच्या डॉक्टरांकडून कळत होता. "हे जनावराला लावू नका," ते म्हणाले, "आणि स्वतःलाही नको. माझा परवाना चार पायांपुरता आहे; तुम्ही विश्वविद्यालयाच्या रुग्णालयात कातडीच्या डॉक्टरांना दाखवा. मुलीलाही न्या."

तेथे आम्ही तिघेही गेलो. कन्येचे मनगट पाहून, आमची कंबर पाहून त्या डॉक्टरीणबाईंनी एकच प्रश्न विचारला: टॉवेल एकच वापरता का? आमच्या घरी पंचा एकच. सकाळी आम्ही अंग पुसून तो दोरीवर टाकतो आणि कन्या शाळेला निघताना त्यालाच हात-तोंड पुसते. घरात कासव आहे, त्याच्यावरून आले असेल का, असे सौभाग्यवतींनी विचारले. बाईंनी नकारार्थी मान हलविली. कासवाची बुरशी वेगळी. हिची ही माणसाकडून माणसाला जाणारी. देशभर गेली काही वर्षे हा नायटा हट्टी झाला आहे, नेहमीच्या गोळीला दाद देत नाही. त्याच्यामागच्या एका बुरशीला २०२० साली शास्त्रज्ञांनी 'ट्रायकोफायटॉन इंडोटिनी' असे नावच दिले, आणि त्या नावात आपल्या देशाचा उल्लेख आहे. स्टिरॉइडच्या मलमांनी तिला बळ दिले, असे त्या म्हणाल्या. दोघांनाही कित्येक आठवड्यांची औषधे लिहून दिली. कपडे गरम पाण्यात धुवा, उन्हात वाळवा, प्रत्येकाचा टॉवेल वेगळा करा, आणि गुण आला तरी मध्येच सोडू नका.

परतीच्या वाटेवर कोणी बोलले नाही. पंतांनी कोणाला काही दिले नव्हते. दिले होते ते आम्ही, आमच्या लेकीला, कोपऱ्यावरच्या नळ्या चोळीत, चार महिने. आणि ज्या पंच्याने दिले तोच झाकून आम्ही त्यांना नदीत सोडावयास निघालो होतो. गोदौलियाला उतरताना सौभाग्यवतींनी तीन टॉवेल घेतले, तीन रंगांचे. त्यांनी आम्हांस एक शब्द लावला नाही; लावला असता तर बरे वाटले असते.

पंतांची शुश्रूषा त्यानंतर सौभाग्यवतींनी स्वतःकडे घेतली. दिवसाचा बहुतेक वेळ पाण्याबाहेर, कोरड्या टबात. त्यावर एका बाजूस ऊब देणारा आणि अतिनील किरण देणारा असे दोन दिवे, खाली तीस-बत्तीस अंशांची जागा, दुसरी बाजू थोडी गार, म्हणजे नको वाटल्यास सरकता येईल. संध्याकाळी कोमट पाण्यात तासभर, पिण्या-खाण्यासाठी. त्याआधी पोव्हिडोन आयोडीन पातळ चहाच्या रंगाइतके पाण्यात घालून दहा मिनिटांची आंघोळ, मऊ ब्रशाने डाग पुसणे, अंग टिपून डॉक्टरांनी दिलेले साधे बुरशीनाशक मलम. स्टिरॉइड नसलेले, हे सौभाग्यवती औषधवाल्याकडे नळी उजेडात धरून खात्री करून घेत. पंतांना हात लावला की साबणाने हात धुणे, हा नियम आधीपासून होता तो आता कायदा झाला. याला निराळे कारण आहे: निरोगी दिसणाऱ्या कासवाच्या अंगावरही साल्मोनेला नावाचे जंतू असतात आणि त्यांनी लहान मुलांना जुलाब-ताप होतो, म्हणून अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांहून लहान कासवे पाळण्यासाठी विकण्यास बंदी आहे. थोडक्यात, सौभाग्यवतींना पंतांची पहिल्या दिवसापासून जी धास्ती होती ती अगदीच अनाठायी नव्हती. फक्त आरोपाचे कलम चुकले होते.

कन्येने भिंतीवर तक्ता लावला. तारीख, तापमान, खाल्ले अगर नाही, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात पहिले अठरा दिवस एकच शब्द आहे: 'नाही'. एकोणिसाव्या दिवशी सौभाग्यवती कोशिंबिरीसाठी गाजर किसत होत्या. कन्येने चिमूटभर कीस पाण्यात टाकला. पंतांनी मान लांब केली, बराच वेळ पाहिले आणि एक शेवई ओढून घेतली. त्या दिवशीच्या शेऱ्यात चार उद्गारचिन्हे आहेत. कारकुनाच्या मुलीला न शोभणारा तक्ता.

फेब्रुवारीत ऊन परतले. दुपारच्या सुटीत आम्ही सायकलने घरी येऊन पंतांना गच्चीवर नेऊ लागलो. खरे ऊन दिव्याहून चांगले, पण काशीच्या गच्चीवर ऊन एकटे मिळत नाही, त्याच्याबरोबर वानरे मिळतात. एकदा आम्ही वर्तमानपत्र वाचताना एका वानराने टबाशी बसून पंतांना उलटे केले, पालथे केले, वास घेतला, आणि उपयोग न समजल्यामुळे आमचा चष्मा घेऊन ते निघून गेले. पंडितजींनी केळे देऊन तो चष्मा सोडवून आणला. पंतांना नदीत सोडले नाही म्हणून ते आमच्यावर थोडे नाराज होते, पण त्या दिवसापासून गच्चीला जाळी मारण्याचा अर्धा खर्च त्यांनी आपण होऊन दिला, आणि आता सकाळी "पंतजी कैसे हैं?" असे विचारल्याशिवाय ते पूजेला बसत नाहीत.

महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी मानेवरचा पापुद्रा आंघोळीत सुटून आला. खालची कातडी कोवळी, फिकट हिरवी होती. ढालीच्या कडेचा डाग घट्ट झाला आहे. तेथे एक खड्डा राहील, असे डॉक्टर म्हणतात, पण तो वाढणार नाही. कन्येचे मनगट होळीपूर्वी साफ झाले. आमची कंबर अद्याप औषधावर आहे; आमचा रोग जुना आणि आम्ही त्याला चार नळ्या पाजलेल्या.

ही जात नीट सांभाळली तर वीस-तीस वर्षे जगते. आम्ही आता छत्तीस वर्षांचे. म्हणजे आमच्या सेवानिवृत्तीच्या दिवशीही पंत बहुधा हजर असतील, आणि त्यापूर्वी आमच्या बदल्या किमान पाच तरी होतील. या एप्रिलच्या यादीत आमचे नाव असल्याची कुजबुज आहे. परवा रात्री आम्ही घराच्या चार्जची यादी सवयीने मनात करीत होतो: कूलर, टाकी, कपाट. कन्येने विचारले, "बाबा, काय पुटपुटता?" आम्ही सांगितले. तिने तक्त्यावरून नजर न काढता विचारले, "आणि काचेची पेटी?" आम्ही म्हटले, ती आपल्याबरोबर येईल. काचेची पेटी आगगाडीने कशी न्यावी याची चौकशी करण्यास आम्ही सुरुवात केली आहे.

जूनमध्ये डॉक्टरांनी पुन्हा दाखवावयास सांगितले आहे. त्यासाठी अर्ध्या दिवसाच्या नैमित्तिक रजेचा अर्ज आम्ही लिहून ठेवला आहे. कारणाच्या रकान्यात प्रथम 'कासवाची प्रकृती' असे लिहिले होते. ते खोडून 'घरगुती काम' असे केले.